मुठीवरची रेघ : खूण की खोड?

वाचकांचे प्रश्न

खिशातल्या घडीच्या चाकूबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेक ठाण्याची, काही खाडीपलीकडची. पात्याबद्दल जवळजवळ कुणीच विचारलेलं नाही, सगळ्यांना मुठीची चिंता. त्यात नवल नाही. पाती कारखान्यातून एकसारखी निघतात. हाड, शिंग, लाकूड, शिंपला यांची मुठीवर बसवलेली एक पट्टी दुसरीसारखी नसते. त्यात आपली हवा अशी, की जुलैत घरातलं मीठ पाझरतं आणि ऑफिसात एसीने ओठ फुटतात. मुठीत लपलेली खोड वर्षभरात बाहेर येतेच. ती दुकानातच दिसली तर पैसे वाचतात.

उंटाच्या हाडाची मूठ असलेला चाकू पसंत पडला आहे. मुठीवर बारीक काळे ठिपके आहेत आणि एका खिळ्यापासून केसाएवढी रेघ निघाली आहे. दुकानदार म्हणतो, ‘साहेब, नॅचरल आहे, असं असतंच.’ खरं का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

ठिपक्यांबद्दल दुकानदार खरं बोलतोय. रेघेबद्दल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

जिवंत हाडात रक्तवाहिन्यांसाठी बारीक नळ्या असतात. मुठीसाठी पायाचं लांब, जाड हाड वापरतात आणि त्यात या नळ्या बहुतेक लांबीच्या दिशेने धावतात. पट्टी घासून पॉलिश केली की त्या उघड्या पडतात. जिथे आडव्या कापल्या जातात तिथे ठिपका, जिथे उभ्या कापल्या जातात तिथे दोन-तीन मिलिमीटरची बारीक रेघोटी. रंग किंवा मळ आत बसला की त्या काळ्या दिसतात. ही हाडाची खूण झाली. उलट, असे ठिपके अजिबात दिसले नाहीत तर ते हाड आहे की प्लास्टिक, अशी शंका घ्यावी.

तडा ओळखायचा तो तीन गोष्टींवरून. तो कुठून तरी सुरू होतो : खिळ्याच्या भोकापासून, कडेपासून किंवा बोल्स्टरपासून, म्हणजे मुठीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यापासून. दुसरं, तो ठिपक्यांना ओलांडून पुढे जातो. नळीची रेघोटी मात्र स्वतःपुरती असते, शेजारणीला मिळत नाही. तिसरं, त्याची जाडी सारखी नसते. उगमापाशी रुंद, पुढे निमुळता.

एवढ्यावर नक्की होत नसेल तर सर्जिकल स्पिरिट वापरा. दुकानदाराला आधी विचारा, कारण रंगवलेल्या हाडाचा रंग स्पिरिटने सुटू शकतो. पट्टीच्या आतल्या कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी, पांढरा कापूस टेकवून पाहा. रंग लागला नाही तर रेघेवरून ओला कापूस एकदाच फिरवा आणि चाकू उजेडात तिरका धरा. सगळा भाग आधी गडद होईल, मग काही सेकंदांत स्पिरिट उडून पुन्हा फिका होईल. तडा असेल तिथे स्पिरिट आत शिरलेलं असतं. आजूबाजूचा भाग कोरडा झाल्यावरही तिथे एक बारीक ओली रेघ मागे राहते. आता त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकं दाबा. रेघेतून ओल वर आली, चमक हलली, तर तडा पट्टीच्या आरपार आहे. चाकू परत ठेवून द्या.

खिळ्यापाशीच तडे का जातात? खिळा बसवताना त्याचं डोकं ठोकून पसरवतात. तसं करताना खिळा भोकातही थोडा फुगतो. भोक घट्ट असलं, किंवा कडेच्या फार जवळ असलं, की हाडाला तो ताण सोसत नाही. कधी तडा कारखान्यातच जातो, कधी तिथे फक्त ताण राहतो आणि पहिल्या उन्हाळ्यात हाड आक्रसलं की उघडतो. म्हणून खिळ्याच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंत किती अंतर आहे ते पाहावं. खिळ्याच्या व्यासाच्या दुप्पट तरी हवं. २ मिमीचा खिळा असेल तर ४ मिमी. कडेला चिकटून मारलेला खिळा आज सुखरूप दिसला तरी आम्ही तो चाकू घेणार नाही.

तड्याची दिशाही बघा. खिळ्यापासून कडेकडे गेलेला तडा म्हणजे एक टवका कधीतरी निघणार. एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्याकडे निघालेला त्याहून वाईट, कारण दोन्ही भोकं जोडली गेली की पट्टीचे दोन तुकडे होतात. तुम्ही लिहिलेली रेघ यांपैकी कुठल्या दिशेने जाते ते पत्रातून कळत नाही, पण ती खिळ्यापासून निघाली आहे एवढं पुरेसं आहे. दुसरा नग दाखवायला सांगा.

हाडाच्या आणखी दोन खोडी रेघेसारख्या चटकन डोळ्यांत भरत नाहीत. पहिली चरबीची. हाड नीट साफ न करता वापरलं तर त्यातली चरबी उन्हाळ्यात हळूहळू वर येते. मुठीवर पिवळट, तेलकट ढग दिसतात आणि नाकाशी नेलं तर जुन्या तुपासारखा वास येतो. एकसारखा पिवळेपणा वयाचा असू शकतो, ढगाढगाचा चरबीचा. दुसरी खोड याच्या उलट : हाड फार उकळलेलं किंवा क्लोरीनच्या ब्लीचने पांढरं केलेलं. ते खडूसारखं फटफटीत दिसतं, पॉलिश धरत नाही आणि ठिसूळ असतं. बाजारात शुभ्र पांढरी मूठ पाहून लोक भुलतात. आम्हाला किंचित सायीच्या रंगाची बरी वाटते.

म्हशीच्या शिंगाची मूठ असलेला चाकू मे महिन्यात घेतला. तेव्हा एकदम सपाट होता. आता जुलैत मुठीच्या मागच्या टोकाला पट्टी उचलली गेली आहे. शिवाय कडेला दोन बारीक भोकं दिसतात. ही खोड आधीच असणार का?
– एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

होय, दोन्हीची मुळं मे महिन्यात होती.

शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखाचं आणि केसाचं द्रव्य. ते पाणी ओढून फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. म्हशीचं शिंग टोकाशी भरीव आणि बुडाशी पोकळ असतं. पोकळ भागाची पट्टी करायची तर ती वाकडी निघते. ती तापवून मऊ करतात आणि दाबाखाली सपाट करतात. शिंग हा दाब विसरत नाही. पुढे ओल आणि उष्णता मिळाली की ते आपल्या जुन्या बाकाकडे झुकतं. तुमच्या मुठीचं तेच झालं. भरीव टोकातून कापलेली पट्टी असं फारसं करत नाही, म्हणून जाणकार कारागीर तिचे जास्त पैसे मागतात आणि ते रास्त आहेत.

दुकानात हे कसं ओळखावं? पट्टी कडेने पाहा. दाबलेल्या शिंगात कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर दिसतात, बाहेरच्या पृष्ठभागाला समांतर. थर दिसणं ही खोड नाही. पण दोन थरांमध्ये चंदेरी-पांढरी रेघ चमकत असेल तर तिथे हवा शिरली आहे, म्हणजे पापुद्रा सुटू लागला आहे. फिक्या रंगाच्या शिंगामागे मोबाइलचा टॉर्च धरला तर ही जागा आणखी स्पष्ट होते : चांगला भाग मधासारखा उजळतो, सुटलेला भाग ढगाळ राहतो.

शेवटच्या खिळ्यापासून मुठीच्या टोकापर्यंत किती मोकळी पट्टी आहे, तेही मोजा. १२-१५ मिमीपेक्षा जास्त भाग नुसत्या डिंकावर टेकला असेल तर तो आपल्या पावसाळ्यात उचलला जाण्याची शक्यता धरून चाला.

आता फट किती आहे ते पाहू. झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. त्याची बोटभर पट्टी कापून फटीत सरकवा. एकच पदर जात असेल तर सध्या काही करू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी झाली की पट्टी बरीचशी खाली बसेल. चार पदर, म्हणजे ०.४ मिमी, जात असतील तर फटीत ओल आणि मळ साचून आतली पितळी पट्टी हिरवी पडेल, म्हणून टोकाजवळ एक खिळा वाढवून घ्यावा. क्लॅम्प लावून उचललेली पट्टी जबरदस्तीने खाली दाबू नका. ती खिळ्यापाशी फुटते.

भोकांचं प्रकरण वेगळं आहे. लोकर, केस, पिसं खाणाऱ्या एका भुंग्याच्या अळ्या शिंगही खातात. त्यांनी पाडलेली भोकं गोलसर असतात, कधी भोकाऐवजी कुरतडलेला खळगा असतो. चाकू काळ्या कागदावर हलका आपटा. बारीक भुकटी पडली आणि दोन दिवसांनी पुन्हा आपटल्यावर परत पडली, तर अळी अजून आत आहे. झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, घरच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड पात्यावर घाम येऊन गंज चढेल. मात्र मूठ आधीच तडकलेली असेल तर फ्रीझरच्या वाटेला जाऊ नका.

यापुढे जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचे तीन-चार थेंब मुठीला चोळून तासाभराने पुसून टाका. खोबरेल नको. ते खवट होतं, थरांत मळ धरून ठेवतं. आणि चाकू गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नको, मे महिन्यात तर नाहीच.

एक विक्रेता सांबरशिंगाची मूठ म्हणून चाकू देतो आहे. खरं शिंग कसं ओळखायचं?
– एक वाचक, ऐरोली

खरं निघालं तर गुन्हा, खोटं निघालं तर फसवणूक. दोन्हीकडून तुमचंच नुकसान.

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ या कायद्याने सांबर-चितळाच्या शिंगाच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. ‘जंगलात आपोआप गळून पडलेलं आहे हो’ हा युक्तिवाद विक्रेते हमखास करतात. त्याने व्यवहार कायदेशीर होत नाही. हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीच्या कवचाच्या मुठींनाही हेच लागू.

प्रत्यक्षात असा माल बहुतेकदा खाचा पाडलेलं हाड असतो. सांबरशिंगाचा खडबडीतपणा यावा म्हणून हाडावर यंत्राने खाचा पाडतात आणि तपकिरी रंगात बुडवतात. दोन्ही बाजूंच्या खाचा एकाच खोलीच्या, एकाच अंतरावर दिसतात आणि खाचांच्या मधल्या गुळगुळीत जागेत वर सांगितलेले ठिपके सापडतात. हाडाची मूठ म्हणून, हाडाच्या भावात, तो चाकू घ्यायला काही हरकत नाही. ती सुंदरही दिसते.

लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू आहे. जूनपासून पातं मुठीत अडकतं, नखाने ओढून उघडत नाही. लाकूड खराब आहे का? पुढचा घेताना लाकडात काय पाहावं?
– एक वाचक, खारघर

लाकूड खराब नाही, ते लाकडासारखं वागतंय. या प्रकारच्या मुठी एकाच अखंड तुकड्याच्या असतात आणि पात्यासाठी मधोमध फक्त एक खाच कापलेली असते. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहिली की लाकूड आपल्या वजनाच्या साधारण २० टक्के पाणी धरतं. एसीच्या ४५ टक्क्यांत ते ८-९ टक्क्यांवर येतं. या फरकाने २० मिमी रुंदीचा तुकडा जातीनुसार पाव ते पाऊण मिलिमीटर फुगतो किंवा आक्रसतो. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. खाच मात्र दोन्हीकडून आवळली जाते.

आज पातं उघडायचं असेल तर मुठीचं मागचं, पात्याच्या खिळ्यापासून लांबचं टोक, पात्याची पाठ टेबलाकडे येईल असं धरून, लाकडी टेबलावर टकटक आपटा. पातं दोन-तीन मिलिमीटर बाहेर सरकेल, मग चिमटीत धरता येईल. कायमचा उपाय थोडा सावकाश. चाकू आठवडाभर कोरड्या खोलीत उघडा ठेवा. ड्रायर, ओव्हन, कुकरचं झाकण असे प्रयोग नकोत. वरचा थर आधी सुकून चीर पडते. मग २४० नंबरचा पॉलिश पेपर जुन्या एटीएम कार्डाला गुंडाळून खाचेच्या दोन्ही भिंती आतून सारख्या घासा. प्रत्येक बाजूला पंधरा-वीस हात, मग पातं मिटून बघा. एकदम खूप घासलं तर डिसेंबरमध्ये पातं खिळखिळं वाटेल. शेवटी खाचेत आणि खिळ्यापाशी जवसाचं तेल कापसाने लावा, अर्ध्या तासाने जास्तीचं टिपा, दोन दिवस वाळू द्या. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून डब्यात कोंबू नका. वाळताना ती तापतात, पेटूही शकतात. पाण्यात भिजवून मगच फेका.

पुढचा चाकू घेताना मुठीचं टोक समोरून पाहा. खाचेच्या दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्या जाडीच्या हव्यात. एक पातळ असेल तर ओलीत तीच आत वळते. लाकडाचे रेषे मुठीबरोबर टोकापासून टोकापर्यंत जायला हवेत. रेषे मधेच तिरके होऊन कडेला बाहेर पडत असतील तर चाकू हातातून फरशीवर पडल्यावर मूठ तिथेच तुटेल. मुठीच्या पोटात गाठ असेल तर चालेल, खिळ्यापाशी किंवा अरुंद भागात नको.

शिसवाच्या मुठीवर एका बाजूने पिवळट पांढरी पट्टी दिसते, ती लाकडाच्या बाहेरच्या कोवळ्या भागाची. कुणाला तो रंग आवडतो. आम्ही तो टाळतो, कारण लाकूडपोखऱ्या भुंग्याला नेमका तोच भाग आवडतो. १-२ मिमीची गोल भोकं आणि मैद्यासारखी भुकटी दिसली तर तो चाकू घरात आणू नका, तुमच्या कपाटालाही धोका आहे.

बुजवलेली चीर ओळखायला भिंग लागतं. सोनार वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं. लाकडात बारीक रंध्रं दिसतात. लाकडाचा भुसा आणि डिंक मिसळून भरलेल्या जागेत रंध्रं नसतात, तो पट्टा गुळगुळीत आणि निर्जीव दिसतो. ‘एबनी’, म्हणजे मुळातच काळं असलेलं लाकूड, म्हणून विकलेल्या काळ्या मुठीवर मात्र स्पिरिटचा पांढरा बोळा आधी फिरवा. बोळा काळा झाला तर ते रंगवलेलं साधं लाकूड आहे.

मुंबईच्या जुन्या बाजारात शिंपल्याची मूठ असलेला छोटा घडीचा चाकू मिळतो आहे. एका बाजूची मूठ छान चमकते, दुसऱ्या बाजूची पिवळट झाली आहे आणि तिथेच पातं गंजलं आहे. घ्यावा का?
– एक वाचक, चरई, ठाणे

तुमच्या वर्णनावरून दुसरी बाजू शिंपल्याची नसावी. पूर्वी मोतिया शिंपल्याची नक्कल सेल्युलॉइडमध्ये, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकमध्ये, होत असे आणि एक पट्टी तुटली की दुरुस्त करणारा स्वस्तातली नकली लावून देई. सेल्युलॉइड जुनं झालं की विघटित होतं आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. ती सगळ्यात आधी शेजारच्या पोलादाला खाते. मूठ नाकाशी नेऊन पाहा. कापरासारखा किंवा तिखट, झोंबणारा वास आला की शंका फिटली. असा चाकू घेतलाच तर इतर चाकूंबरोबर एका डब्यात ठेवू नका, त्यांनाही गंज लागेल. सेल्युलॉइड झटकन पेटतंही. गरम सुईची परीक्षा त्यावर करायचा मोह आवरा.

खरा शिंपला गालाला लावला तर थंड लागतो आणि बराच वेळ थंड राहतो. चाकू तिरका करत नेला की हिरवी-गुलाबी झाक एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकते. नकलीत चमकीचे कण आपल्या जागी बसून चमकतात. कडेला भिंग धरलं तर अगदी पातळ, नागमोडी थर दिसतात.

खोडींपैकी तीन महत्त्वाच्या. खिळ्यापाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे : शिंपला कठीण पण ठिसूळ, त्यामुळे हे दुरुस्त होत नाहीत, फक्त थांबवता येतात. बारीक काळपट भोकांचे पुंजके : शिंपला समुद्रात असतानाच त्यात भोकं पाडणाऱ्या जिवांचं ते काम असतं. ते वाढत नाही, दिसायला आवडत असेल तर घ्या. आणि चमक जाऊन खडूसारखा झालेला डाग : शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, लिंबू, व्हिनेगर, चिंच, अगदी हाताचा घामसुद्धा त्याला खातो. डाग वरवरचा असेल तर पॉलिशने जातो, पण पट्टी आधीच दीड-दोन मिलिमीटरची असते, घासणार तरी किती? या चाकूने लिंबू कापायचं नाही, एवढं नक्की. आणि शिंपला कोरडा घासू नका. त्याची धूळ फुप्फुसांना वाईट. पाणी लावून, मास्क बांधून घासा.

चाकू ऑनलाइन मागवायचा आहे. हातात न घेता मूठ कशी पारखणार?
– एक वाचक, वाशी

जाहिरातीतला फोटो तुमच्या नगाचा नसतो हे आधी धरून चला. विक्रेत्याला त्याच नगाचे चार फोटो मागा : दोन्ही बाजू खिडकीच्या तिरप्या उजेडात, मुठीची पाठ बोल्स्टरच्या सांध्यासकट, आणि प्रत्येक खिळा जवळून. फ्लॅश नको, फ्लॅशमध्ये बारीक तडा गडप होतो. ‘प्रत्येक नग वेगळा असतो, तक्रार चालणार नाही’ असं लिहिलं असेल तर तिथून घेऊ नका. नैसर्गिक वस्तूत रंगाचा फरक मान्य आहे, तडा नाही.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मग परतीची मुदत संपायच्या आत मुठीलाच थोडं बोलतं करा : एक रात्र एसीच्या खोलीत, एक दिवस बाहेर, पुन्हा एक रात्र एसीत. संशयित रेघेच्या दोन्ही टोकांना टोकदार पेन्सिलीने ठिपका द्या आणि शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. तिसऱ्या दिवशी रेघ ठिपक्यापुढे गेली असेल तर परत पाठवा. बोल्स्टर आणि पट्टीच्या मधून टॉर्चचा उजेड आरपार दिसत असेल तर तिसऱ्या दिवसाची वाटही पाहू नका. हाडाची शंका असेल तर अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायचा यूव्ही दिवा धरा. खरं हाड निळसर पांढरं उजळतं. फार गडद रंगवलेलं हाड मात्र फसवतं.

असा चाकू खिशात घेऊन येऊरला फिरायला गेलं तर चालतं का?
– एक वाचक, कळवा

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारं येतात, घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली सोडून. खिशातला तीन इंची चाकू त्या मापात बसत नाही. पण ठाणे पोलीस आयुक्तालयात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर निघतात आणि त्यांत चाकू बाळगण्यावरही बंदी असते. त्या काळात चाकू घरीच ठेवा. विमानात केबिनमध्ये तर कधीच नाही, अगदी नखाएवढा असला तरी. चेक-इन बॅगेत टाका.

घेतल्यावर मुठीवर बारीक चीर दिसली. फेव्हिक्विक लावू का?
– एक वाचक, मानपाडा, ठाणे

लावा, पण चीर कुठे आहे ते बघून. खिळ्यापासून कडेला गेलेली, पाच-सहा मिलिमीटरच्या आतली चीर बंद होऊ शकते. पट्टीच्या आरपार, दाबल्यावर हलणारी चीर डिंकाने फक्त काही महिने गप्प बसते.

चाकू दोन दिवस कोरड्या जागी राहू द्या. ओल्या चिरेत डिंक पांढरा फुटतो. आजूबाजूच्या धातूवर आणि पात्यावर सेलोटेप लावा. डिंक पाण्यासारखा पातळ हवा. जेलचा घट्ट प्रकार आत शिरत नाही, वर पापुद्रा धरून बसतो आणि खालची चीर तशीच राहते. टाचणीच्या टोकावर एक थेंब घेऊन चिरेच्या एका टोकाला टेकवा. तो स्वतःहून आत ओढला जाईल, रेघ एका बाजूने दुसरीकडे गडद होत गेलेली दिसेल. थांबेल तिथे दुसरा थेंब. दाबू नका, चिमटा लावू नका. ताणलेल्या जागेला आणखी ताण नको. हवा खेळती ठेवा, आणि सुती कापड जवळ ठेवू नका, कापसाला हा डिंक लागला की तो चटका बसण्याइतका तापतो.

चोवीस तासांनी ६०० आणि मग १२०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून, रेषांच्या दिशेने, फक्त उंचवटा जाईपर्यंत घासा. सांडलेला डिंक काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचं असेल तर आधी मूठ सेल्युलॉइडची नाही याची खात्री करा, नाहीतर चिरेबरोबर मूठही विरघळेल. आणि खिळा काढून नव्याने ठोकायच्या फंदात घरी पडू नका. निम्म्या चिरा त्याच हातोडीने पडलेल्या असतात.